बालपणीचा छळ, समुपदेशन आणि मुलीचा ताबा

प्रश्न : लहानपणी मी वडिलांची सततची मारहाण सोसली. पुढे काही वर्षे समुपदेशन घेतले. आज मी नोकरी करून सात वर्षांच्या मुलीला सांभाळते. पतीला विश्वासाने सांगितलेली ही हकीकत त्यांनी ताब्याच्या अर्जात मांडली आहे. ‘जी मार खात वाढली, ती मारणारच’ असे म्हणत त्यांनी माझी मानसिक तपासणीही मागितली आहे. मी काय करावे?

उत्तर : लेखी कैफियतीत ही हकीकत नाकारण्याचा मोह आपण टाळावा. पती-पत्नींमधील खासगी बोलण्याला पुराव्याच्या कायद्याचे संरक्षण असते, परंतु त्या दोघांमधीलच दाव्याला ते लागू होत नाही. शिवाय उलटतपासणीत नकार खोटा ठरला, तर मुलीविषयी आपण जे खरे सांगाल त्यावरही न्यायाधीशांचा विश्वास राहणार नाही. म्हणून घडलेले मोजक्या शब्दांत मान्य करावे आणि न्यायालयाचे लक्ष आज मुलीच्या घरात काय घडते याकडे वळवावे.

पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार मुलीचे हित पाहताना पालकाचे चारित्र्य आणि क्षमता विचारात घेतली जाते, आणि मूल पुरेसे समजूतदार असल्यास त्याची पसंतीही. आपण मुलीला मारता किंवा माराल, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसा आरोप करणाऱ्या पतीवर आहे. त्यांच्या अर्जात एकाही प्रसंगाचा उल्लेख नसेल, तर उरते ती केवळ समजूत. कॉफमन आणि झिग्लर यांनी १९८७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन बालपणी छळ सोसलेल्या पालकांपैकी आपल्या मुलांवर त्याची पुनरावृत्ती करणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के असल्याचा अंदाज मांडला, म्हणजे असे बहुसंख्य पालक तसे वागत नाहीत. अर्थात हाच आकडा विरुद्ध बाजूचे वकीलही वाचून दाखवू शकतात, त्यामुळे माझी भिस्त त्यावर नाही.

एगलंड व सहकाऱ्यांचा १९८८ चा अभ्यास मला अधिक उपयोगाचा वाटतो. छळाची ही साखळी तोडणाऱ्या मातांच्या आयुष्यात तीन गोष्टी अधिक आढळल्या : बालपणी आधार देणारी एखादी प्रौढ व्यक्ती, कधी तरी घेतलेले मानसोपचार आणि मोठेपणी जोडीदाराशी स्थिर, आधाराचे नाते. तिसरी गोष्ट आपल्याकडून हिरावली गेली आहे, परंतु पहिल्या दोन पुराव्याने दाखवता येतात. त्या काळात आपल्याला जवळ करणारी मावशी किंवा शिक्षिका हयात असतील, तर त्यांचे शपथपत्र घ्यावे. त्याहून अधिक वजन मुलीच्या वर्गशिक्षिका, बालरोगतज्ज्ञ आणि शेजारी यांच्या साक्षीला असेल, कारण त्यांनी आपल्याला आई म्हणून पाहिले आहे.

तपासणीच्या मागणीला जरूर विरोध करावा. वैवाहिक दाव्यात वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो, परंतु त्यासाठी सबळ प्रथमदर्शनी आधार आणि पुरेसे साहित्य हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने शारदा विरुद्ध धर्मपाल (२००३) या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र आदेश झालाच आणि तो वरिष्ठ न्यायालयातही कायम राहिला, तर तपासणीला नकार देऊ नये; त्यातून प्रतिकूल अनुमान काढले जाऊ शकते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार पूर्वी घेतलेले उपचार एवढ्यावरून आजचा मानसिक आजार ठरवता येत नाही, आणि कलम २३ उपचारांच्या माहितीला गोपनीयता देते. म्हणून समुपदेशनाच्या सगळ्या टिपणांची फाईल आपणहून दाखल करू नये. कालावधी, नियमितता आणि आजची क्षमता एवढ्यापुरता अहवाल मागावा. समुपदेशकांना साक्षीदार केल्यास त्यांचीही उलटतपासणी होईल, हे त्यांच्याशी आधीच बोलून घ्यावे.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ‘माझ्यावर काहीच परिणाम झाला नाही’ असे शपथेवर लिहू नका. सावरलेल्या माणसालाही जुन्या आठवणींचा त्रास होतो, आणि ते न्यायाधीशांना ठाऊक असते. राग आला की आपण काय करता, कोणाला फोन करता, मुलीशी नंतर काय बोलता, हे साधेपणाने सांगितलेले अधिक विश्वासार्ह ठरते. मुलीला मात्र काहीही पढवू नये.

कैफियतीसोबतच कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ११ खाली बंद दालनातील सुनावणीचा अर्ज द्यावा. एका पक्षाने मागणी केली, तरी तशी सुनावणी घेणे न्यायालयावर बंधनकारक आहे.