काढून टाकलेला जिना

चि...,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचा खर्डा दोनदा वाचला. अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आयरेसमधली ती म्हातारी आई मनातून जात नाही. पण शेवटी तिच्याच तोंडी 'खरं असं काही नसतंच, ज्याची त्याची आठवण' हे वाक्य आलं आणि मी थबकलो. मुलगा शोधत चाळीस वर्षं वणवण केलेली बाई असं बोलेल? हे वाक्य तुझं आहे. काढून टाक.

एस्मा, म्हणजे नौदलाची ती शाळा, तू दोन ओळींत उरकली आहेस. तिथे थांब. १९७६ ते १९८३च्या लष्करी राजवटीत तिथे माणसांना डोळे बांधून, पायांत बेड्या घालून डांबलं. त्यांना दिसत काही नव्हतं; तळघराकडे जाणारा जिना पायांनाच ठाऊक. १९७९मध्ये आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोग पाहणीला येणार म्हटल्यावर नौदलाने तो जिनाच काढून टाकला, लिफ्टही काढली. सुटून आलेल्यांचं सांगणं इमारतीशी जुळू नये, एवढ्यासाठी! पण बांधकामावर खुणा राहिल्याच.

तुझं एक पात्र सात पायऱ्या सांगेल, दुसरं नऊ. सांगू दे, दुरुस्त करू नकोस. भेदरलेल्या माणसाची मोजणी चुकते. पण जिना होता, आणि तो कुणीतरी ठरवून काढला. मोजणीतली चूक आणि हे ठरवून काढणं, या दोन गोष्टी एकाच तागडीत टाकल्यास तर कादंबरी नकळत जिना काढणाऱ्यांच्या बाजूला जाते. मला याचीच धास्ती वाटते.

आकड्यांचंही तसंच. अर्जेंटिनाच्याच चौकशी आयोगाने १९८४मध्ये ८,९६१ बेपत्ता माणसं नोंदवली. मानवाधिकार संघटना ३०,००० म्हणतात. निवेदकाला निवाडा करायला लावू नकोस. भीतीपोटी तक्रारच न केलेलं एखादं घर दाखव, मधलं अंतर वाचकाला कळेल.

आणि तो पांढरा रुमाल. १९७७मध्ये प्लाझा दे मायो चौकात जमणाऱ्या, बेपत्ता मुलांच्या आयांनी सुरुवातीला डोक्याला बांधली ती बाळोती होती, कापडी. तुझ्या म्हातारीने ते कपाटातून काढताना, घडी मोडताना मला पाहायचंय. तिथे तिला एक शब्दही बोलायला लावू नकोस.

तेवढं प्रकरण आधी लिहून पाठव. वाट पाहतो.

तुझा,
काका