गुलमंडीवरील दुकान विकावे का?

छत्रपती संभाजीनगरातील (औरंगाबादेतील) जुन्या बाजारपेठेत, गुलमंडीवर असलेले वडिलोपार्जित दुकान विकून बीड बायपासला गाळा घ्यावा का, असे आपण विचारले आहे. कोरोनानंतर जुन्या शहराचा बाजार उठत चालला आहे, अशी आपली समजूत दिसते. पैठण गेटजवळच्या कापड दुकानात गल्ल्यावर बसून मला बत्तीस वर्षे झाली. माझ्या मते दुकान विकू नये. मात्र आज आहे तसे चालवूही नये.

आपल्या बाजाराला दोन प्रकारचे गिऱ्हाईक होते: एक शहरातल्याच नव्या वस्त्यांचे, म्हणजे सिडको-हडको, गारखेड्याचे आणि दुसरे कन्नड, फुलंब्री, पैठण, गंगापूरकडून एसटीने येऊन मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षा करणारे. पहिल्याची सवय टाळेबंदीत मोडली. १० ते १८ जुलै २०२० या काळात सगळे शहर कडकडीत बंद होते, त्याच्या आगेमागेही निर्बंध होतेच, आणि तेवढ्यात घराजवळचा दुकानदार व्हॉट्सअ‍ॅपवर यादी घेऊन माल पोहोचवू लागला. अस्तर, टॉवेल, शाळेचे मोजे यांसाठी ते गिऱ्हाईक आता गुलमंडीच्या कोंडीत गाडी घालणार नाही.

दुसऱ्याची गोष्ट वेगळी आहे. टाळेबंदी उठली तोच २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. माझ्या धंद्याला खरा फटका त्या संपाने दिला, पण त्याची आठवण कोणी काढत नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले आणि पुढच्या लग्नसराईत फरक गादीवर दिसू लागला. पूर्वी बस्ता बांधायला चार पुरुष आणि एखादी वडीलधारी बाई येत असे. आता सात-आठ बायका येतात, साडी दाराशी उजेडात नेऊन पदर उलटा करून पाहतात, आणि सोबतचा पुरुष फक्त पिशव्या सांभाळतो. (भावही त्याच अधिक घासाघीस करून पाडतात.) हे गिऱ्हाईक बायपासच्या गाळ्यात येणार नाही, कारण त्याला सराफा, भांडी आणि कापड एका चालीत हवे असते.

बाजाराचे खरे दुखणे मात्र कोरोनाच्या आधीचे आहे. सिडकोने सत्तरच्या दशकात नवे शहर वसवायला घेतले, तेव्हापासून आपली बिऱ्हाडे हळूहळू बाहेर पडली. माझ्याच इमारतीत वर तीन कुटुंबे राहत. आज तेथे रिकामी खोकी आहेत आणि मी स्वतः उल्कानगरीत राहतो. रात्री नऊनंतर बोळात दिवा दिसत नाही. जेथे कोणी राहत नाही, तेथे दूधवाला, इस्त्रीवाला, किराणाही टिकत नाही.

म्हणून वरचा मजला रिकामा करून राहण्याजोगा करा. घाटी या सरकारी रुग्णालयातील परिचारिका, औरंगपुऱ्यातील सरस्वती भुवन (स. भु.) महाविद्यालयाचे विद्यार्थी यांना पायी जाण्याजोगी खोली हवीच असते. शौचालय नवे बांधा आणि पाण्याची टाकी मोठी बसवा. नळाची गत आपणास सांगायला नको. बायपासचा गाळा विकत न घेता आधी एक दिवाळी भाड्याने चालवून पाहा, आणि तेथे केवळ किरकोळ माल ठेवा.

आपल्या इमारतीचा जिना दुकानातून आहे की बाहेरून, ते मात्र कळवावे. दुकानातून असेल, तर भाडेकरू ठेवण्याआधी तो बोळाच्या बाजूने काढावा लागेल.