‘सेवेशी संबंध नाही’ असा शेरा आला, आता पुढे?

प्रश्न : मी २०२१ मध्ये लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने रक्तदाबासाठी ३० टक्के अपंगत्व ठरवलं, पण ‘सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही’ असा शेरा मारला. डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली गेली आणि आता पहिलं अपीलही फेटाळलंय. काय करू?

उत्तर : नकाराच्या पत्रावरच्या तारखेपासून सहा महिन्यांत तुमच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत दुसरं अपील करा. मुदत टळली असेल तर विलंब माफीचा अर्ज कारणासह जोडा. मात्र पहिलंच अपील तारीख बदलून पाठवू नका. ‘इतकी वर्षं देशसेवा केली, घरची परिस्थिती बेताची आहे’ अशा मजकुरावर अपील समिती निर्णय फिरवत नाही. बोर्डाने जे कारण लिहिलंय, ते खोडून काढावं लागतं.

त्यासाठी बोर्डाची संपूर्ण कागदपत्रं हातात हवीत. नसतील तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात बोर्डाची कार्यवाही, भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल आणि सगळ्या पोस्टिंगची तारीखवार यादी मागा.

मग दोन गोष्टी तपासा. भरतीच्या वेळी तुम्ही तंदुरुस्त होता आणि या आजाराची कुठलीही नोंद नव्हती, तर आजार सेवेत जडला असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी लष्करावर येते. सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग निकाल (२०१३) हेच सांगतो. अपिलात त्याचा उल्लेख जरूर करा.

दुसरी गोष्ट, तारखा. रक्तदाबाच्या प्रकरणात बोर्ड बहुतेक वेळा ‘पीस स्टेशनवर (सीमेपासून दूरच्या, शांत भागातल्या ठाण्यावर) सुरुवात’ एवढंच लिहून मोकळं होतं. पण समजा, जवान जूनमध्ये अति उंचावरच्या ठाण्यावरून परतला आणि सप्टेंबरात पीस स्टेशनच्या तपासणीत रक्तदाब सापडला, तर आजार सापडला कधी आणि सुरू झाला कधी, हे वेगळे प्रश्न आहेत. पोस्टिंगची यादी आणि पहिल्या निदानाचा कागद शेजारी ठेवून हा मुद्दा तारखांनिशी मांडा. आमच्या मते अपिलाचं खरं वजन इथेच असतं.

दुसरं अपीलही फेटाळलं, किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे; मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. अंतिम नकारानंतर तिथेही सहा महिन्यांची मुदत असते. स्वतः बाजू मांडता येते, पण वैद्यकीय मुद्दा असेल तर जाणकार वकील घेतलेला बरा.

मागणी लिहिताना ‘ब्रॉड बँडिंग’ विसरू नका. त्यात ५० टक्क्यांखालचं अपंगत्व ५० धरलं जातं, आणि राम अवतार निकालानंतर (१० डिसेंबर २०१४) मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ते लागू आहे. पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के मिळतात. म्हणजे तुमच्या ३० टक्क्यांना ९ टक्के, ५० धरल्यावर १५. हे स्पष्टपणे मागा.

२१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना मात्र डिसॅबिलिटी पेन्शनचे २०२३ चे नवे नियम लागू होतात.