वाचकांचे प्रश्न : दुकानाच्या आवारातील पार्किंग आणि शंभर पौंडांचे पत्र

ब्रिटनमधील वाचकांकडून गेल्या काही महिन्यांत खासगी पार्किंग कंपन्यांच्या मागणीपत्रांविषयी इतकी पत्रे आली आहेत की, या वेळचे सदर त्याच एका विषयाला देत आहोत. उत्तरे इंग्लंड आणि वेल्समधील कायद्याला धरून आहेत. गाडीच्या कीपरला, म्हणजे नोंदणीपत्रावर ज्याचे नाव आहे त्याला, जबाबदार धरण्याची जी तरतूद पुढे येते, ती स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये लागू नाही. तिथल्या वाचकांनी हे लक्षात ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

प्रश्न : ३ जून रोजी, मंगळवारी, सकाळी माझी पत्नी जवळच्या सुपरमार्केटमध्ये भाजी आणायला गेली. नाशिकहून आलेल्या माझ्या आईला नंतर दही आणि कोथिंबीर राहिल्याचे आठवले, म्हणून संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथेच दुसरी फेरी झाली. १९ जूनला माझ्या नावाने पत्र आले. त्यावर तारीख सोमवार, १६ जून अशी आहे. पत्रातील दोन फोटोंनुसार गाडी ९.५२ ला आत आली आणि १७.३० ला बाहेर पडली, म्हणजे ७ तास ३८ मिनिटे उभी होती, आणि मर्यादा दोन तासांची आहे. १०० पौंड मागितले आहेत, १४ दिवसांत भरल्यास ६०. एक मित्र म्हणतो, पत्र फाडून टाक, काही होत नाही. दुसरा म्हणतो, दंड आहे, मुकाट्याने भर. काय करावे? (एक वाचक, स्लाव)

उत्तर : आपल्या दोन्ही मित्रांचे सल्ले चुकीचे आहेत, त्यातल्या त्यात पहिला अधिक महागात पडणारा आहे.

प्रथम हा ‘दंड’ आहे का, ते पाहू. नगरपालिकेने, म्हणजे कौन्सिलने, रस्त्यावरील पार्किंगबद्दल दिलेली नोटीस ही पेनल्टी चार्ज नोटीस असते आणि तिच्यामागे कायद्याने दिलेला दंडाचा अधिकार असतो. खासगी कंपनीचे पत्र पार्किंग चार्ज नोटीस या नावाने येते. दोन्हींचे लघुरूप पीसीएन असेच होते, रंग आणि मांडणीही पुष्कळदा सारखी असते, आणि हे साम्य निव्वळ योगायोगाने आले असेल असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. खासगी कंपनीचे म्हणणे एवढेच असते की, आवारात लावलेल्या फलकावरील अटी गाडी लावणाऱ्याने मान्य केल्या, त्या मोडल्या, म्हणून कराराप्रमाणे तो अमुक रक्कम देणे लागतो. आपल्याकडे मुंबई-पुण्यात ‘पे अँड पार्क’च्या माणसाशी समोरासमोर हुज्जत घालता येते, इथे माणूस नसतो, खांबावरचा कॅमेरा आणि दोन आठवड्यांनी येणारे पत्र असते, पण व्यवहार मुळात करारातील पैशांच्या मागणीचाच आहे.

मग पत्र फाडून का टाकू नये? कारण तो सल्ला २०१२ पूर्वीचा आहे. त्या काळी गाडी कोणी चालवली हे कंपनीला ठाऊक नसे आणि गाडीच्या कीपरला जबाबदार धरता येत नसे. प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट २०१२ ने खासगी जागेत गाडीच्या चाकाला जॅमर लावण्यावर बंदी घातली, आणि त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने, काही अटी पाळल्यास, चालकाचे नाव न कळल्यास कीपरकडून वसुली करण्याची मुभा कंपन्यांना दिली. कीपरचे नाव आणि पत्ता या कंपन्या डीव्हीएलए या गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडून प्रत्येक गाडीमागे अडीच पौंड भरून मिळवतात. ही रक्कम म्हणजे बेकायदा दंड आहे, हा बचावही चेम्सफर्डच्या प्रकरणानंतर फारसा उरलेला नाही. तिथल्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मोफत मर्यादेपेक्षा ५६ मिनिटे अधिक थांबलेल्या एका गाडीवानाकडून ८५ पौंड मागितले गेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि पार्किंगआय विरुद्ध बेव्हिस या नावाने प्रसिद्ध असलेल्या ४ नोव्हेंबर २०१५ च्या निकालात न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली. तथापि, तिथले फलक मोठे, ठळक आणि जागोजागी होते, ही गोष्ट त्या निकालात महत्त्वाची ठरली होती. कंपन्या निकाल सांगतात, ही बाब सांगत नाहीत.

आता आपल्या प्रकरणाकडे वळू. कॅमेऱ्याने आपली गाडी उभी असलेली पाहिलेली नाही, त्याने ती दारातून जाताना पाहिली. सकाळचे बाहेर पडणे आणि संध्याकाळचे आत येणे, हे मधले दोन क्षण पुढच्या गाडीच्या आडोशामुळे किंवा पाटीवर उन्हाची तिरीप आल्यामुळे नोंदले गेले नाहीत, की दोन छोट्या फेऱ्यांचा एक लांबलचक मुक्काम तयार होतो. हा दोष इतका परिचित आहे की, कंपनीला तो समजावून सांगावा लागत नाही, सिद्ध मात्र करावा लागतो. दोन्ही खरेदीच्या पावत्या शोधाव्यात. त्यावर वेळ छापलेली असते. सापडल्या नाहीत तर बँकेची नोंद, फोनमधील स्थानाची नोंद, किंवा दुपारी गाडी घरासमोर दिसत असल्यास शेजाऱ्याच्या दारावरच्या बेलच्या कॅमेऱ्यातील दृश्य चालते, परंतु असे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते आजच मागून घ्यावे. त्याच पावत्या घेऊन सुपरमार्केटच्या व्यवस्थापकालाही भेटावे. जागा त्यांच्या ग्राहकांसाठी आहे, आणि त्यांच्या एका ईमेलवर कंपनीने मागणी मागे घेतल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

यापुढचा मुद्दा तारखांचा आहे, आणि तोच बहुतेक जण पाहत नाहीत. काचेवर नोटीस न चिकटवता थेट टपालाने पत्र पाठवले असेल, तर ते कीपरला १४ दिवसांत पोहोचावे लागते, आणि हे दिवस पार्किंगच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात. आपल्या बाबतीत ४ जून हा पहिला दिवस, म्हणून १७ जून हा शेवटचा. टपालात टाकलेले पत्र कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी पोहोचले असे कायदा धरून चालतो. १६ जूनला टाकलेले पत्र त्यामुळे १८ जूनला पोहोचले असे मानले जाईल. एक दिवस उशीर झाला. एका दिवसाने काय बिघडते, असे वाटेल, पण मुदत चुकली की आपल्यावर, म्हणजे कीपरवर, जबाबदारी येत नाही, मागणी फक्त चालकापुरती उरते. म्हणून उत्तर लिहिताना ‘मी गाडी लावली’ किंवा ‘पत्नीने लावली’ असे न लिहिता ‘या गाडीचा कीपर या नात्याने लिहीत आहे’ असे लिहावे. खासगी कंपनीला चालकाचे नाव कळवण्याचे बंधन आपल्यावर नाही. खोटे मात्र काहीही लिहू नये. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत न्यायालय चांगलाच फरक करते.

अपील प्रथम कंपनीकडेच, २८ दिवसांच्या आत करायचे असते. ते पहिल्या १४ दिवसांत केलेले बरे, कारण फेटाळले तरी सवलतीची रक्कम भरण्याची संधी बहुधा पुन्हा मिळते. कंपनी ब्रिटिश पार्किंग असोसिएशन या पार्किंग कंपन्यांच्या संघटनेची सदस्य असेल तर नकारासोबत पॉप्ला या स्वतंत्र अपील व्यवस्थेचा संकेतांक येतो. इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी या दुसऱ्या संघटनेची असेल तर इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिसकडे जावे लागते. पॉप्लाकडे अपील मोफत असते आणि तिचा निर्णय कंपनीला बांधतो, आपल्याला नाही. पण तिथे गेल्यावर ६० पौंडांत मिटवण्याची सवलत सुटते. आपल्या हातात पावत्या आणि तारीख ही दोन्ही असताना आम्ही स्वतः ती सवलत सोडून दिली असती.

प्रश्न : मी विद्यार्थी आहे. यंत्रावर गाडीचा क्रमांक टाकताना शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ दाबला गेला. पैसे पूर्ण भरले, चिठ्ठीही आहे, तरी १०० पौंडांची मागणी आली. (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : चिठ्ठीचा फोटो जोडून आजच अपील करावे. ब्रिटनमधील पाट्यांवर शून्य आणि ओ सारखेच दिसतात, आणि एखादे अक्षर चुकण्यासारख्या किरकोळ चुकीबद्दलची मागणी अपील आल्यावर रद्द करावी, असे या उद्योगाच्या आचारसंहितेतच म्हटले आहे. पूर्ण क्रमांकच चुकला, उदाहरणार्थ घरातील दुसऱ्या गाडीचा टाकला गेला, तरी पैसे भरलेले असल्यास फार तर २० पौंड घेता येतात. कंपनीने नकार दिलाच तर पुढच्या अपिलात हा मुद्दा एका परिच्छेदात मांडावा. त्यासोबत इंटरनेटवरून उतरवलेले दहा पानी कायदेशीर निवेदन जोडण्याचा मोह आवरावा, कारण त्यात खरा मुद्दा बुडतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी आम्ही हॅरोहून वॉटफर्डला राहायला आलो. आता घरकर्जासाठी अर्ज केल्यावर कळले की माझ्या नावावर काउंटी कोर्टाचा निकाल आहे. शोध घेता तो पार्किंगच्या एका जुन्या मागणीचा निघाला. मला एकही पत्र मिळालेले नाही. आता बेलिफ घरी येतील का? कर्ज मिळेल का? (एक वाचक भगिनी, वॉटफर्ड)

उत्तर : या विषयावर आलेल्या पत्रांत आम्हाला सर्वाधिक अस्वस्थ करणारे पत्र हेच, कारण यातले नुकसान मूळ रकमेच्या कितीतरी पट असते.

घर बदलल्यावर बँक, शाळा, दवाखाना सगळीकडे पत्ता बदलला जातो, आणि गाडीचे नोंदणीपत्र, ज्याला इथे व्ही५सी म्हणतात, ते कपाटात तसेच राहते. (ते अद्ययावत न ठेवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो खराखुरा दंड असतो.) कंपनीला डीव्हीएलएकडून जुनाच पत्ता मिळतो. तिथे नोटीस जाते, मग वसुली एजंटांची लाल अक्षरांतील पत्रे जातात, त्यात बहुधा ७० पौंडांची भर पडलेली असते, मग ३० दिवसांची मुदत देणारे दाव्यापूर्वीचे पत्र जाते आणि शेवटी दाव्याचा अर्ज. दावा मिळाल्यावर १४ दिवसांत पोच दिली तर बचाव दाखल करायला दावा बजावल्यापासून एकूण २८ दिवस मिळतात. पोचही नाही आणि बचावही नाही, असे झाले की न्यायाधीशाने कागद उलगडून पाहण्याआधीच एकतर्फी निकाल लागतो. निकालाची रक्कम महिन्याभरात पूर्ण भरली तर नोंद पुसली जाते, नाही तर ती सहा वर्षे राहते. आपला महिना आपल्याला कळण्याआधीच उलटून गेला आहे.

उपाय आहे, तो म्हणजे एन२४४ या अर्जाद्वारे निकाल रद्द करून मागणे. त्याला फी आहे, आणि ती मूळ मागणीपेक्षा अधिक भरते, हे आधीच सांगितलेले बरे. उत्पन्न कमी असल्यास फीमाफीचा अर्ज करता येतो. न्यायालय दोन गोष्टी पाहते. दावा आपल्यावर रीतसर बजावला गेला होता का, हा पहिला प्रश्न. शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठवलेला दावा सामान्यतः बजावलेला धरतात, परंतु आपण तिथे राहत नाही असे मानण्यास कंपनीपाशी कारण होते, उदाहरणार्थ पत्रे परत गेली होती, तर तिने नवा पत्ता शोधायला हवा होता. म्हणून जुन्या घरातील भाडेकरूंना विचारावे की आपल्या नावाची पत्रे त्यांनी परत पाठवली होती का. दुसरा प्रश्न, आपल्यापाशी खरा बचाव आहे का आणि निकाल कळताच आपण लगेच हालचाल केली का. ‘लगेच’ याचा अर्थ काही दिवस असा घ्यावा. दिवाळी उरकून पाहू, असा नव्हे. कंपनीला लिहून परस्पर संमतीने निकाल रद्द करण्याची विनंती करण्यासही हरकत नाही, काही वेळा रक्कम भरण्याच्या बदल्यात ती मान्य होते. रद्द न करता नुसतेच पैसे भरले, तर नोंद ‘भरणा झाला’ या शेऱ्यासह राहते, आणि कर्ज देणारी संस्था तो शेरा वाचून काय ठरवील हे तिच्यावर अवलंबून असते.

बेलिफविषयीची भीती मात्र निम्मी खरी आहे. निकालाआधी येणारी सर्व पत्रे वसुली एजंटांची असतात. त्यांना घरात शिरण्याचा किंवा वस्तू उचलण्याचा अधिकार नाही, दारात उभे राहून त्यांच्याशी बोलण्याचीही गरज नाही. निकाल लागून पैसे थकले की न्यायालयाच्या परवानगीने खरे बेलिफ येऊ शकतात. आपण त्या दुसऱ्या टप्प्यात आहात, म्हणून अर्ज याच आठवड्यात जावा, आणि त्याच वेळी व्ही५सीवरचा पत्ताही बदलून घ्यावा.

प्रश्न : आई-बाबा मुंबईला परतताना त्यांना लंडनच्या एका विमानतळावर टर्मिनलच्या दारात सोडले. सामान, व्हीलचेअर, रडारड या गडबडीत उतरवण्याचे शुल्क भरायचे राहून गेले. आता नोटीस आली आहे. काही पळवाट आहे का? (एक वाचक, मिल्टन कीन्स)

उत्तर : पळवाट शोधण्यासारखे काही आहे, हे नाकारत नाही. विमानतळाच्या जमिनीला स्वतःचे उपविधी लागू असतील तर २०१२ च्या कायद्यातील कीपरची तरतूद तिथे लागू होत नाही, असा युक्तिवाद करता येतो आणि केला जातो. पण हीथ्रो आणि गॅटविक या दोन्ही ठिकाणी फाटक नसले तरी दारातच फलक आहेत, शुल्क दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत ऑनलाइन भरायला वेळ मिळतो, आणि आपण ते भरले नाही हे आपल्याला मान्य आहे. व्हीलचेअर लागणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे ब्ल्यू बॅज, म्हणजे अपंगांसाठीचा पार्किंग परवाना, असता तर सवलतीचा प्रश्न निघाला असता. भारतातून पाहुणे म्हणून आलेल्यांकडे तो सहसा नसतो. चूक कबूल असताना महिनोन्‌महिने पत्रव्यवहार करण्यापेक्षा १४ दिवसांच्या आत सवलतीची रक्कम भरून पावती जपून ठेवावी. या दोन्ही विमानतळांवर ऑटोपेची सोय आहे. गाडीचा क्रमांक आणि कार्ड एकदा जोडून ठेवले की, पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबांना सोडताना शुल्क आपोआप वळते होईल.