साथीच्या काळात दारूची दुकानं बंद ठेवावीत का? चोपड्याकडच्या एका मेडिकलवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय की पुन्हा एखादी साथ आली तर सरकारने महिना-दीड महिना दारूविक्री पूर्ण बंद ठेवावी का, आणि २०२० साली ठेवली ते बरोबर होतं का.

माझं उत्तर आधी सांगून टाकतो. निर्बंध हवेत, कडकच हवेत. पण आज रात्री जाहीर करून उद्या सकाळपासून कुलूप, हा प्रकार पुन्हा करू नये. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रोज पिणाऱ्यांसाठी गोळ्या आणि दोन-चार खाटा तयार ठेवल्याशिवाय तर अजिबात नको. हे शहाणपण मला तेव्हा नव्हतं. तेव्हा मी खूश होतो.

माझं जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मेडिकल आहे. सगळा बाजार बंद असताना आमचं शटर अर्धं का होईना, वर होतं. त्यामुळे ते दोन महिने गाव मी त्या अर्ध्या शटरखालून पाहिलं.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २३ तारखेपासून राज्यात संचारबंदी आली आणि २५ तारखेपासून देशभर लॉकडाऊन, तोही ऐन गुढीपाडव्याला. देशीचं दुकान, वाईन शॉप, बियर शॉपी, परमिट रूम, सगळं एका हिसक्यात बंद. लोकांनी आधल्या दोन दिवसांत साखर, तेल, कळण्याचं पीठ भरून ठेवलं. पण रोज संध्याकाळी मजुरीतून एक चपटी घेणाऱ्याने काय भरून ठेवावं? त्याची कमाई रोजची आणि बाटलीही रोजची.

पहिले दोन-तीन दिवस खरोखर बरे गेले, हे मी नाकारणार नाही. आमच्या गल्लीत चार घरी भांडी घासणाऱ्या एक ताई आहेत. त्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलीच्या तापाची गोळी न्यायला आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हाई बंद असंच राहू द्या म्हना सरकारले." नवरा घरी होता, शुद्धीत होता, पोरीला मांडीवर घेऊन बसला होता. त्यांच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि हे दृश्य त्यांना नवं होतं. त्या दिवशी मला कोणी मत विचारलं असतं तर मी दारूची दुकानं कायमची बंद करा म्हणून अंगठाच उठवला असता.

मग चौथ्या दिवशी जिभाऊ आले. (नाव सांगत नाही. आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला मानाने जिभाऊ म्हणतात, तेवढं पुरे.) दुसऱ्याच्या शेतावर ट्रॅक्टर चालवणारा माणूस, रोज पिणारा, पण कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात. मार्चचं ऊन होतं खरं, पण त्यांचा सदरा उन्हाने भिजलेला नव्हता. शंभराच्या दोन नोटा एकमेकींपासून सुट्या करायला त्यांना एवढा वेळ लागला की मागचा माणूस खेकसला. त्यांनी सॅनिटायझरची अर्ध्या लिटरची बाटली मागितली. मी म्हटलं, "एवढी कशाला? लहान न्या." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हात थांबतच नही रे भो."

बाटली मी दिली नाही. त्यांच्या पोराला बोलावून दवाखान्यात पाठवलं. तिथे सगळं लक्ष खोकला-तापाकडे, बाकीच्यांना घरी जा म्हणून सांगत होते. रात्री जिभाऊंना झटका आला, दातखीळ बसली. पुढचे दोन दिवस ते खाटेवर बसून भिंतीवरच्या मुंग्या झटकत होते, आणि भिंतीवर मुंग्या नव्हत्या. शेवटी ओळखीच्या एका डॉक्टरांनी फोनवर विचारपूस करून औषध लिहून दिलं, चिठ्ठीचा फोटो आला आणि मी ते घरपोच दिलं. वाचले. पण त्याआधीच्या तीन दिवसांत मी किती जणांना न विचारता सॅनिटायझरच्या मोठ्या बाटल्या दिल्या, त्याचा हिशेब मी आजतागायत लावलेला नाही.

बंदीच्या चर्चेत हा भाग नेहमी वगळला जातो म्हणून जरा विस्ताराने लिहितो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला धरूनच स्वतःची गती वाढवून बसलेला असतो. दारू एकदम काढून घेतली की ती वाढलेली गती तशीच राहते आणि तिला आवर घालणारं काही उरत नाही. पहिल्या दिवसातच कंप, घाम, उलट्या, झोप उडणं. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भास, भ्रम, ताप, छातीत धडधड, आणि उपचार झाला नाही तर यात माणूस दगावतो. तंबाखू सोडणारा चिडचिडा होतो, मरत नाही. दारूचं तसं नाही. यावर औषध आहे आणि ते महागही नाही: क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामच्या गोळ्या काही दिवस उतरत्या मात्रेत, आणि थायमिन म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. अडचण एवढीच की या गोळ्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, देऊही नयेत, आणि चिठ्ठी देणारे बहुतेक खासगी दवाखाने तेव्हा बंद होते.

केरळात नेमका हाच पेच उघड्यावर आला. तिथे दारू बंद झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आत्महत्या झाल्या. सरकारने ३० मार्चला आदेश काढला की डॉक्टरांची चिठ्ठी असेल त्याला दारू द्यावी. डॉक्टर मंडळी भडकली, कारण दारू हे दारूच्या त्रासावरचं औषध म्हणून लिहून द्यायचं कसं? २ एप्रिलला तिथल्या उच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती दिली. माझ्या मते डॉक्टर बरोबर होते आणि सरकारची घाईही समजण्यासारखी होती. सरकारने निदान अशी माणसं आहेत हे मान्य तरी केलं. आमच्याकडे ती कुठल्याच आदेशात नव्हती.

आता दुसरा आठवडा. इथे सातपुड्याचं पंचांग मुंबईत बसून आदेश लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. मार्चच्या मध्यापासून एप्रिलभर मोहाची फुलं गळतात. म्हणजे सरकारमान्य दुकानांना कुलूप लागलं ते ऐन मोहाच्या हंगामात! वरच्या पाड्यांवर पावरा-भिल आदिवासींच्या घरी या फुलांची दारू देवाला चढते, लग्नात लागते, तिची गोष्ट वेगळी. ती काढून विकणाऱ्यांत पोटाला चिमटा बसलेल्या बायका किती असतात, हे खान्देशात कोणाला सांगायला नको. २०२१ मध्ये ऑक्सिजन प्लांट आधीच उभारून ठेवले म्हणून नंदुरबारच्या ज्या जिल्हाधिकाऱ्यांचं देशभर नाव झालं, त्या डॉ. राजेंद्र भारूड यांच्या आईने साक्री तालुक्यातल्या सामोड्याला मोहाची दारू विकूनच लेकरं वाढवली. हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय.

पण खाली गावांत जे आलं ते मोहाचं नव्हतं. काळा गूळ आणि नवसागर घातलेली हातभट्टी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली. शिवाय मागच्या दाराने निघणारा सीलबंद माल होताच. दीडशेची क्वार्टर चारशेला, मग पाचशेला. भांडीवाल्या ताईंच्या जनधन खात्यात एप्रिलमध्ये सरकारचे ५०० रुपये आले. बँकेपुढे चुन्याच्या गोलात तीन तास उभं राहून त्यांनी ते काढले आणि संध्याकाळपर्यंत नवऱ्याने त्याची एक क्वार्टर केली. आधी त्याच पैशात तीन आल्या असत्या आणि वर पोरीला बिस्किटाचा पुडा. या वेळी त्या दुकानात आल्या तेव्हा गोळी नको होती, हळद-मलम हवं होतं. मी काही विचारलं नाही. "बंद असंच राहू द्या" हे त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

एप्रिलच्या २६ तारखेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. लेकी माहेरी आल्या नाहीत, झोके रिकामे. पण पत्त्यांचे डाव मळ्यात बसलेच आणि पिशव्याही पोचल्याच.

बंदीच्या बाजूचा खरा जोरदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो मी अजूनही खोडू शकत नाही. दारुडा घरात कोंडला गेला की बायको आणि पोरंही त्याच्याबरोबर कोंडली जातात. ग्रीनलंडने २८ मार्च २०२० ला राजधानी नूक आणि आसपासच्या वस्त्यांत १५ एप्रिलपर्यंत दारूविक्री बंद केली तेव्हा कारण उघड सांगितलं होतं: मुलांना घरातल्या मारहाणीपासून वाचवायचं. तिथे मुदत सांगितलेली होती, जागा ठरलेली होती. अशा बंदीला मी नावं ठेवणार नाही.

दुसरा मुद्दा खाटांचा. दक्षिण आफ्रिकेने २७ मार्चपासून जूनपर्यंत विक्री बंद ठेवली, आणि नंतर २०२१ च्या जुलैपर्यंत आणखी तीनदा. दारू पिऊन झालेले अपघात आणि भोसकाभोसकी यांनी इस्पितळं भरू नयेत, त्या खाटा करोनाच्या रुग्णांना मिळाव्यात, हा हिशेब. जखमींची संख्या घटली, दुकानं उघडताच वाढली. मात्र बंदीबरोबर संचारबंदीही होतीच, तेव्हा श्रेय दारूच्या कुलपाला किती आणि रिकाम्या रस्त्यांना किती, हे वेगळं काढणं अवघड. तिथेही लोकांनी घरी अननस आंबवून दारू पाडली आणि अननस महागले. आपल्याकडे गुळाचं तेच. अंतर फक्त फळाचं. आमच्या हायवेवर तर एप्रिल २०२० मध्ये पायी घरी निघालेल्या मजुरांखेरीज फारसं कोणी नव्हतंच, अपघात करणार कोण?

सॅनिटायझरचं जिभाऊंच्या बाबतीत टळलं, ते इतरत्र टळलं नाही. जुलै २०२० च्या शेवटी आंध्रात प्रकाशम जिल्ह्यातल्या कुरिचेडूला, करोनामुळे गावातली दुकानं बंद असताना, सॅनिटायझर पिऊन दहाच्या वर माणसं गेली. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात वणीला तेच घडलं, सहा-सात जण मेले. यातल्या हलक्या मालात मिथेनॉल असलं तर शरीर त्याचं फॉर्मिक ॲसिड करतं. आधी डोळे जातात, मग माणूस. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की विषारी दारूला दुकान बंदच लागतं असं नाही. कुरिचेडूच्याच दिवसांत पंजाबात तरन तारन, अमृतसर, बटाला भागात शंभरावर माणसं मेली आणि तिथे दुकानं उघडी होती. ज्याला सीलबंद परवडत नाही तो उघड्या दुकानासमोरूनही भट्टीवरच जातो. म्हणून भाव वाढवून दारू सुटते, हा युक्तिवाद मला पटत नाही. दिल्लीने ५ मेपासून छापील किमतीवर ७० टक्के करोना शुल्क लावलं, आणि जूनमध्ये निमूट काढून घेतलं.

सरकारांनी दुकानं उघडली ती माणसांच्या काळजीपोटी, असा कोणाचा समज असेल तर सोडा. पिण्याची दारू जीएसटीबाहेर आहे, तिचा पैसा थेट राज्याच्या गल्ल्यात येतो, आणि महाराष्ट्राला उत्पादन शुल्कातून त्या काळी वर्षाला पंधरा हजार कोटींच्या आसपास मिळत होते. ४ मेपासून ठिकठिकाणी दुकानं उघडली तेव्हा ज्या रांगा लागल्या त्या तुम्हीही टीव्हीवर पाहिल्या असतील. मुंबईत तर दोन दिवसांत पुन्हा बंद करावी लागली. दीड महिना ज्या गर्दीला घाबरून बंदी ठेवली, ती सगळी गर्दी एका सकाळी गोळा करून दाखवली. १५ मेपासून राज्यात घरपोच सुरू झाली. हीच सोय मार्चमध्ये सुचली असती तर?

तुमच्या प्रश्नातलं 'बंद' हे एकच माप नाही, असं मला म्हणायचंय. बसून पिणं पहिल्या दिवसापासून बंद करा, कारण परमिट रूम आणि देशीच्या बाकड्यावर साथ खरोखर पसरते. विक्री सकाळची दोन-तीन तास, टोकनवर, माणशी ठरलेल्या बाटल्या. एखाद्या गावाला पूर्णच बंद करायचं असेल तर आठ दिवस आधी सांगा, किती दिवस ते सांगा, आणि त्या आठ दिवसांत आशाताईंकडून रोज पिणाऱ्यांची यादी करून घ्या. प्रत्येक गावात त्यांना ही नावं तोंडपाठ असतात, सर्व्हेही लागत नाही. गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी पोचू द्या. आणि बायकांच्या तक्रारीला पोलीस पाटलाने 'सध्या करोना आहे' असं उत्तर देऊ नये, हे लेखी द्या.

गावाने ठरवून केलेली बंदी मात्र या सगळ्याहून वेगळी. आपल्याकडे उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान जातं. त्याच्या आधी महिनोन्महिने घराघरांत भांडणं होऊन गेलेली असतात, पिणाऱ्यालाही अंदाज आलेला असतो. तरी कडेची गावं असतातच. नवापूरच्या स्टेशनचा अर्धा फलाट कोरड्या गुजरातेत आहे आणि अर्धा आपल्याकडे. बंदीच्या सीमेवर कोणाचे बंगले उठतात ते आम्ही लहानपणापासून बघतोय.

जिभाऊंचं विचाराल तर, दुकानं उघडली त्या दिवशी तेही रांगेत होते, तोंडाला गमछा बांधून. मला पाहून मान खाली घातली. गेल्या पोळ्याच्या सुमारास गुडघ्याला लावायचं तेल न्यायला आले होते. नोटा नीट मोजून दिल्या, हात स्थिर होते. सोडली म्हणून स्थिर, की सकाळीच घेतली म्हणून, ते काउंटरच्या अलीकडून मला कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. सॅनिटायझरची अर्ध्या लिटरची बाटली मात्र मी आता मांडणीत पुढे ठेवत नाही. आत, वरच्या फळीवर ठेवतो.