त्वरकात न दिसणारा कण विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांवरून कसा तपासतात?

तुम्ही विचारलंय की एखाद्या सिद्धांतात नवा हलका कण असेल आणि तो त्वरकात (कण प्रचंड वेगाने आदळवणाऱ्या यंत्रात) सापडत नसेल, तर विश्वाच्या आरंभीच्या खुणांवरून तो खोडता येतो का. बऱ्याचदा येतो. माझा सर्वांत जास्त भरवसा हेलियमच्या कसोटीवर आहे.

महास्फोटानंतर साधारण 1 सेकंदाने तापमान 10 अब्ज अंशांच्या आसपास आलं. न्यूट्रॉन-प्रोटॉनची अदलाबदल करणाऱ्या अभिक्रियांना आता प्रसरणाचा वेग गाठता येईना. तेव्हा 6 प्रोटॉनमागे 1 न्यूट्रॉन होता. ड्यूटेरियम (1 प्रोटॉन आणि 1 न्यूट्रॉन जोडलेलं केंद्रक, हेलियमकडची पहिली पायरी) टिकेल इतकं तापमान उतरेपर्यंत काही मिनिटं गेली, तोवर काही न्यूट्रॉनांचा क्षय झाला आणि 7 प्रोटॉनमागे 1 न्यूट्रॉन उरला. ते जवळपास सगळे हेलियमात गेले: 14 प्रोटॉन आणि 2 न्यूट्रॉन धरले, तर 16 कणांपैकी 4 हेलियमात, म्हणजे वस्तुमानाने 25 टक्के.

न्यूट्रिनो या अतिशय हलक्या कणांच्या 3 जाती ज्ञात आहेत. आता चौथी जात घाला. ऊर्जा-घनता वाढते, प्रसरण वेग घेतं, अदलाबदल लवकर थांबते, न्यूट्रॉन जास्त उरतात. बारकाईने केलेल्या गणितात हेलियम 24.7 वरून 26 टक्क्यांवर जातं. जड मूलद्रव्यं फार कमी असलेल्या बटू दीर्घिकांमधलं मोजमाप 24.5 च्या आसपास आहे, त्रुटी 0.3. चौथी जात बसत नाही.

पण इथेच एक चूक नेहमी होते: नवा कण दिसला की तो न्यूट्रिनोची आणखी एक पूर्ण जात समजून सरळ 3 मध्ये मिळवायचा. आधी तो उष्ण मिश्रणापासून कोणत्या तापमानाला सुटला, हे काढा. लवकर सुटला असेल, तर नंतर जड कण नष्ट होताना मिळालेली उष्णता फोटॉन-न्यूट्रिनोंना मिळते, त्याला नाही. तो तुलनेने थंडच राहतो. सगळे ज्ञात कण उष्ण असतानाच सुटलेला स्पिनरहित कण न्यूट्रिनो-जातींच्या या संख्येत फक्त 0.027 ची भर घालतो. प्लँक उपग्रहाने सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीवरून (आरंभीच्या विश्वातून उरलेल्या प्रारणावरून) काढलेली ही संख्या 2.99 आहे, त्रुटी 0.17, एवढी बारीक भर त्यात दिसणारच नाही. अशा कणाला 'नाकारला' म्हणू नका.

पार्श्वभूमीची विदा वापरताना हेलियम 25 टक्के गृहीत धरून मोकळे होऊ नका. जादा हेलियम आणि जादा न्यूट्रिनो, दोन्ही या प्रारणातले आकाशात बारीक कोनांवर दिसणारे चढउतार दाबतात. त्यामुळे प्रत्येक प्रतिमानासाठी हेलियम अभिक्रियांच्या गणितातूनच घ्या.

लिथियमचा आधार मात्र टाळा. जुन्या ताऱ्यांत ते भाकिताच्या सुमारे एकतृतीयांशच दिसतं, आणि ताऱ्यांनीच ते नष्ट केलं असण्याची शक्यता अजून खुली आहे.