विंगवरून स्पॉट देताना

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

यंदा हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांत तू लाइन जज म्हणून साइडलाइनवर उभी राहणार आहेस. नियमभंगाचा फ्लॅग कधी टाकायचा, याचीच काळजी सगळ्या नवोदितांना लागलेली असते. तू आधी स्पॉटची, म्हणजे पुढच्या खेळासाठी चेंडू ठेवायच्या जागेची, काळजी कर. फ्लॅगची वेळ अधूनमधून येते, पण टॅकल झाला, म्हणजे चेंडूवाल्याला पाडलं, की प्रत्येक वेळी चेंडू कुठे ठेवायचा ते कुणाच्या तरी पायावरून ठरतं, आणि बहुतेकदा तो पाय विंगवरच्या, म्हणजे साइडलाइनवरच्या, पंचाचा असतो.

स्पॉट चेंडूचा असतो, माणसाचा नाही. रनर, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, डाउन झाला (पडून त्याचा खेळ संपला) त्या क्षणी चेंडूचं पुढचं टोक कुठे होतं, एवढंच बघायचं. पालथ्या पडलेल्या खेळाडूचं डोकं चेंडूच्या बरंच पुढे असतं. डोक्यावर नजर ठेवलीस तर अर्धा यार्ड फुकट देऊन बसशील. गुडघा टेकल्यानंतर हात लांबवून चेंडू पुढे सरकवला, तर तो धरायचा नाही. हायस्कूलच्या नियमात हात आणि पाऊल सोडून शरीराचा कुठलाही भाग जमिनीला लागला की रनर डाउन, कुणी त्याला शिवलेलं असो वा नसो. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये तसं नाही, तिथे घसरून पडलेला खेळाडू कुणी शिवलं नसेल तर उठून पळू शकतो. टीव्हीवर तेच पाहत आल्यामुळे नव्या पंचांची शिट्टी इथे हमखास अडते.

आता फॉरवर्ड प्रोग्रेस, म्हणजे रनरने पुढे मारलेली मजल. रनरला प्रतिस्पर्ध्यांनी मागे रेटलं, तर मागे रेटण्याआधी चेंडू जिथपर्यंत पोचला होता ती जागा त्याची. मात्र तो आपणहून मागे वळला, वाट शोधत चार यार्ड मागे आला आणि तिथे पकडला गेला, तर ते चार यार्ड गेले. प्रश्न एकच विचारायचा: मागे तो स्वतः आला, की त्याला आणलं? हवेत उडी मारून झेल घेणाऱ्या रिसीव्हरला बचावपटूने तसंच मागे नेलं, तर झेल घेतला तिथला स्पॉट. हे साइडलाइनजवळ घडलं तर आणखी एक जबाबदारी येते. प्रगती मैदानात थांबली आणि मग त्याला बाहेर ढकललं, तर घड्याळ चालूच राहतं. हात गोल फिरवून ती खूण ताबडतोब दे, नाहीतर घड्याळवाला रेषेबाहेर गेलेला खेळाडू बघून घड्याळ थांबवेल.

पळण्याची रीत पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाड. साइडलाइनला समांतर पळत चेंडूच्या बरोबरीला ये, तिथे काटकोनात वळ आणि मग आत ये. तिरकं धावत आलीस की नजरेचा कोन बदलतो आणि स्पॉट पुढे किंवा मागे सरकतो. धावचीतचा निर्णय देणारा क्रिकेटचा पंच क्रीझच्या रेषेत येऊन उभा राहतो, त्याचंही कारण हेच. आक्रमक संघ ज्या गोल लाइनकडे चाललाय त्या बाजूचा पाय किंचित पुढे ठेव. तो तुझा स्पॉट. अंपायर, म्हणजे मैदानाच्या आतला पंच, चेंडू ठेवेपर्यंत पाय हलवायचा नाही. आणि पायाकडे बघत बसू नकोस. नजर खेळाडूंवर ठेव, कारण ढकलाढकली आणि बाचाबाची याच दोन-चार सेकंदांत सुरू होते. ती सोडवायला जागा सोडावीच लागली, तर आधी तिथे बीन बॅग (खुणेची छोटी पिशवी) टाक.

हायस्कूलच्या मैदानात हॅश, म्हणजे आतल्या छोट्या रेघांची रांग, जवळच्या साइडलाइनपासून 53 फूट 4 इंचांवर असतो, म्हणजे पलीकडचा हॅश तुझ्यापासून शंभराहून जास्त फुटांवर. तिथला स्पॉट तुला दिसत नाही. समोरच्या साइडलाइनवरचा पंच, हेड लाइन्समन, जो स्पॉट देईल त्याच्याच बरोबरीला तू पाय ठेव.

खरी पंचाईत होते ती मधल्या ढिगाऱ्यात. क्वार्टरबॅक स्नीकमध्ये, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार क्वार्टरबॅक स्वतःच चेंडू घेऊन मधून घुसतो तेव्हा, चेंडू लाइनमनच्या (पुढच्या फळीतल्या खेळाडूंच्या) पाठींआड जातो. दोघांनीही झपाट्याने आत यायचं, पण ज्याला चेंडू दिसला त्यानेच स्पॉट द्यायचा, दुसऱ्याने त्याच्याशी जुळवून घ्यायचं. ढीग उपसल्यावर चेंडू जिथे सापडतो ती जागा स्पॉट नव्हे. तोवर तो हातोहात सरकलेला असतो. 26 जानेवारी 2025 च्या एएफसी (एनएफएलच्या दोन गटांपैकी एक) अंतिम सामन्यात बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश अॅलन चौथ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड गाठायच्या चार संधींतल्या शेवटच्या संधीला, असाच घुसला. दोन बाजूंचे पंच वेगवेगळ्या जागा धरून आत आले. पहिला डाउन (नव्या चार संधी) हुकल्याचा निर्णय झाला, रिप्लेनंतरही तो टिकला, आणि कॅन्सस सिटीने सामना 32-29 जिंकला. त्याच वर्षीच्या पुढच्या मोसमापासून एनएफएलने दहा यार्ड मोजायच्या चेनऐवजी (साखळीऐवजी) कॅमेऱ्यांनी मोजणी सुरू केली. पण कॅमेरे मोजतात ते पंचांनी चेंडू ठेवल्यानंतरचं अंतर. तो ठेवायचा कुठे, हे अजूनही पंचच ठरवतात.

शिट्टीची घाई नको. चेंडूचं चामडं दिसल्याशिवाय वाजवू नकोस. चेंडू निसटून गवतावर लोळत असताना वाजलेली शिट्टी परत घेता येत नाही.

चेनची पुढची काठी कुठे आहे हे स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या, आधी बघून ठेव, नंतर तिच्याकडे वळायचं नाही. काठी दिसली की पाय नकळत तिच्याकडे ओढला जातो, आणि प्रशिक्षकाचा आवाज त्याला आणखी ओढतो. आधी जागा पक्की कर, मग चेन बघ. चेंडूचा ताबा बदलल्यावर चार डाउन्सची नवी मालिका सुरू होताना शक्य असेल तर चेंडूचं टोक पूर्ण यार्डाच्या रेषेवर ठेवून घ्या. मग दहा यार्डांची मर्यादाही रेषेवरच येते आणि बहुतेक वेळा चेन आत न आणताच निकाल सांगता येतो. त्यानंतरच्या डाउन्सना मात्र चेंडू असा रेषेवर सरकवायचा नाही. चेंडू असेल तिथेच राहील.

मोसमाआधी सराव म्हणून शाळांच्या जुन्या फिल्म आवाज बंद करून बघ. गुडघा टेकतो तिथे चित्र थांबव, चेंडूच्या टोकाची जागा कागदावर लिही, मग पंचांनी कुठे ठेवला ते पाहा. जिथे फरक पडेल त्या क्लिप मला पाठव, दोघं मिळून पाहू.

शुभेच्छांसह.